दोघांनाच कळणारा शब्द

इथं न्यूझीलंडमध्ये फुटबॉलचा हंगाम पानगळीबरोबर येतो. एप्रिल लागला की मनुरेवातल्या आमच्या रस्त्यावरची झाडं तांबूस होऊ लागतात, सकाळी गाडीच्या काचेवर दव साचतं, आणि एखाद्या शुक्रवारी माझी लेक मेधा गॅरेजमधून नातीची फुटबॉलची पिशवी बाहेर काढते. ईरा अकरा वर्षांची आहे आणि गोलकीपर आहे. पिशवीतून तिचे हातमोजे निघतात, मागच्या हंगामाच्या चिखलानं वाळून कडक झालेले. ते कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचं काम माझ्याकडे असतं. बादलीतलं पाणी हळूहळू गढूळ होत जातं आणि मोज्यांची बोटं एकेक करून उघडतात, कुणीतरी झोपेतून जागं होत असल्यासारखी.

ओल्या रबराचा आणि जुन्या गवताचा तो वास नाकात गेला की मी कुठे आहे ते क्षणभर कळत नाही. हात बादलीत असतात आणि मन कोल्हापुरात. तिथं हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा. थंडी पडलेली असायची, सकाळी सरावाहून येताना आम्ही कट्ट्यावर उभे राहून म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचो, आणि माझ्या शेजारी दत्ता असायचा. त्याच्या पंजात दुधाचा उंच पेलासुद्धा लहान दिसायचा. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा तो गोलकीपर होता आणि मी स्टॉपर, म्हणजे त्याच्या पुढ्यातली शेवटची भिंत.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक घरी आले होते. पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा तरुण माणूस. "काका, आपल्यात एक इंटरनॅशनल प्लेअर राहतो आणि लोकांना माहीतच नाही. तुमच्या करिअरवर काहीतरी लिहा ना." मी हो म्हणालो. चहा देताना मेधा म्हणाली, "बाबांनी आम्हालाही कधी धड सांगितलेलं नाही." ते खरं आहे. माझ्या कारकिर्दीचा बराचसा भाग एका खोट्या वाक्यावर उभा आहे. त्या वाक्याला हात न लावता बाकीचं सांगायला गेलो की सगळं डळमळतं.

शनिवारी सकाळी मैदानावर धुकं असतं. दूरचे गोलपोस्ट आधी दिसतच नाहीत. मग पांढऱ्या रेघा उमटाव्यात तसे ते हळूच उमटतात. मैदानाच्या सखल, पाणथळ कडेला पुकेको फिरत असतात. निळ्याजांभळ्या अंगाचे, लाल चोचीचे, लांब बोटं जपून टाकत चालणारे पक्षी. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चालता चालता थांबलो. अगदी असाच पक्षी रंकाळ्याच्या काठच्या गवतात असायचा. आम्ही त्याला पाणकोंबडी म्हणायचो. दत्ता तिच्यासारखा एक पाय वर धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "बघ, ही बी कीपरच हाय. हलत न्हाई, पर नजर सगळीकडं." एवढा समुद्र ओलांडून ती पाणकोंबडी माझ्या आधी इथं येऊन बसली होती.

"आजोबा, यू कान्ट वेअर जँडल्स टु फुटबॉल," ईरा मला दर शनिवारी बजावते. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती बहुतेक समजून इंग्रजीत उत्तर देते. चपलांत पाय भिजतात हे मला कळतं. पण ओलं गवत पायाच्या बोटांना लागलं नाही तर मैदानावर गेल्यासारखं वाटत नाही.

गोल करणाऱ्यांना पुढे जाऊन काय आठवतं ते मला माहीत नाही. बहुधा जाळी आठवत असेल. बचाव करणाऱ्याला आवाज आठवतात. तो गोलकीपरकडे पाठ करून उभा असतो. पाठीमागचं जग त्याला फक्त ऐकू येतं. दत्ताचा श्वास, त्याच्या पायाखालची माती, आणि त्याचे दोन शब्द. 'सोड' आणि 'घे'. आमच्या तालमीत या दोनच शब्दांवर सगळा बचाव चालायचा. त्यानं 'सोड' म्हटलं की मी चेंडूला हात-पाय लावायचा नाही, तो येतोय. मी 'सोड' म्हटलं की त्यानं थांबायचं, चेंडू माझा. कुणी कुणाला विचारायचं नाही, वळून बघायचं नाही. ऐकलं की सोडायचं. दहा वर्षांत एकदाही आम्ही एकमेकांवर आदळलो नाही.

या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात मी कडेला घडीच्या खुर्चीवर बसलो होतो. धुकं अजून पुरतं वर गेलं नव्हतं. आणि त्या धुक्यातून एक बारीक, स्वच्छ आवाज आला, "सोड!"

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. शेजारची बाई म्हणाली, "यू ऑलराइट, डार्लिंग?" मैदानात सीना नावाची ईराची मैत्रीण होती, सामोअन, खांद्यानं भक्कम, बचावात खेळणारी. तिनं शांतपणे चेंडू बाहेर मारला आणि मागे वळून अंगठा दाखवला. ईरा हात खाली घेऊन हसत होती.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "हा शब्द तुम्हाला कुणी शिकवला?"

"यू डिड," ईरा म्हणाली. "यू शाउट इट इन युअर आफ्टरनून नॅप, आजोबा. हीप्स ऑफ टाइम्स. आय आस्क्ड मॉम. शी सेड इट मीन्स लीव्ह इट. सो इट्स अवर सीक्रेट कोड. द अदर टीम हॅज नो आयडिया."

मेधा गाडी चालवत होती. आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, "लहानपणापासून ऐकतेय मी. आई म्हणायची, बाबांना उठवू नकोस, मॅच चालू आहे."

पंचेचाळीस वर्षं मी जागेपणी एक सांगत आलो होतो आणि झोपेत दुसरं.

तो हंगाम मला सलग आठवत नाही, तुकड्यातुकड्यांत आठवतो. राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आम्हा दोघांना एकाच आठवड्यात आलं. स्टेशनवर आख्खी पेठ आली होती. शिबिरात दत्ताला आयुष्यातले पहिले खरे हातमोजे मिळाले, तर तो ते उशाशी घेऊन झोपायचा. पोरं बंगालची, गोव्याची, केरळची, पंजाबची. जेवताना सगळे हिंदीत बोलायचे, चिडले की आपापल्या भाषेत. मैदानात मात्र गोंधळ नको म्हणून प्रशिक्षकांनी, आम्ही त्यांना सर म्हणायचो, नियम केला होता. हाका फक्त इंग्रजीत. 'लीव्ह' म्हणजे सोड, 'कीपर' म्हणजे चेंडू गोलकीपरनं घ्यायचा, 'अवे' म्हणजे लांब मार. जो आपल्या भाषेत ओरडेल त्यानं मैदानाला एक फेरी मारायची. पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघांनी इतक्या फेऱ्या मारल्या की बंगाली पोरं आम्हाला टांग्याची जोडी म्हणायची.

"लेका, हे 'लीव्ह' तोंडात येईस्तवर चेंडू जाळीत जातंय," दत्ता पळता पळता म्हणायचा.

"मग काय करायचं?"

"तू आपलं सोड म्हण. फेरी मारू की. पळायला काय पैसं पडत्यात?"

त्या संध्याकाळी कशा होत्या म्हणून सांगू. मैदानाच्या पलीकडे निलगिरीची रांग होती. ऊन त्यातून तिरकं यायचं आणि आमच्या दोघांच्या सावल्या लांबच लांब होऊन समोरच्या गोलपोस्टला टेकायच्या. घाम सुकताना अंगावर मिठाची रेघ उमटायची. दत्ता हातमोजे काढून त्यात तोंड घालून वास घ्यायचा आणि म्हणायचा, "नव्याचा वास गेला बघ. आता हे माझं झालं." माझ्या सगळ्या आयुष्यात एवढा निर्धास्त मी पुन्हा कधी नव्हतो. पाठीमागे कोण आहे हे माहीत असणं, ही निर्धास्तपणाची माझी व्याख्या आहे.

आणि मग तो चेंडू. पूर्वेकडचं समुद्राकाठचं एक शहर, दमट दुपार, अंगाला चिकटणारा वारा. सामना बरोबरीत, शेवटची काही मिनिटं. उजव्या बगलेतून त्यांनी चेंडू उंच टाकला. मी आपल्याच गोलच्या दिशेनं पळत होतो, मान वर करून. दत्ताची पावलं पुढे येताना ऐकू आली. तो योग्य वेळी निघाला होता. त्यानं सहज घेतला असता. पण मला वाटलं, माझ्या डोक्यावरचा आहे, आणि तोंडातून निघालं, "सोड!"

पावलं थांबली. मी उडी मारली. वाऱ्यानं चेंडू थोडासा लांबवला. तो माझ्या केसांना फक्त हवा घालून गेला. मागे एक टप्पा पडला आणि त्यांच्या माणसानं रिकाम्या गोलमध्ये तो नुसता ढकलला. कधी कधी मला वाटतं तो अजून वरच आहे, खाली यायचाच आहे, आणि मला दुसरा शब्द सुचायला वेळ आहे.

स्टँडमधून लोकांना काय दिसलं? गोलकीपर पुढे आला, मध्येच थांबला, हात खाली घेतले. बस, एवढंच दिसलं.

ड्रेसिंग रूममध्ये सर दारात उभे राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "दत्ता, रुका क्यूँ?"

"सर, इसने सोड बोला."

"सोड माने?"

"माने छोड़."

सर माझ्याकडे वळले. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघेच होतो. माझ्या शेजारी खेळणारा बंगाली म्हणाला, "कुछ तो बोला था, मैं समझा नहीं।" तो बिचारा खरंच बोलला.

मला भीती गोलची नव्हती. पुढच्या दौऱ्यासाठी कप्तान म्हणून माझं नाव चालू आहे, हे सरांनी मला आदल्या दिवशी कानात सांगितलं होतं. आणि शिबिरभर बजावून सांगितलेला नियम ऐन सामन्यात मी मोडला होता. मी बुटांच्या नाड्या सोडत होतो. मान वर न करता म्हणालो, "मैंने 'कीपर' बोला था, सर."

दत्तानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वर्गात शेजारच्या मुलानं आपलं नाव चुकीचं सांगावं आणि आपण ते दुरुस्त होण्याची वाट बघावी, तसं. तो वाट बघत होता. मी नाड्या सोडत राहिलो.

त्यानंतर तो भारतासाठी कधी खेळला नाही. मी खेळलो, बरीच वर्षं. कप्तानही झालो. फोटो आहेत, ब्लेझर आहे, बँकेतली नोकरी त्याच जोरावर मिळाली. पण त्याचं नुसतं खेळणं गेलं असतं तर कदाचित मी हे ओझं घेऊन तसाच गेलो असतो. दत्ता कोल्हापुरात परत आला आणि त्यानं तालमीत जे घडलं ते सांगितलं. लोकांनी मला विचारलं. मी तिथंही तेच सांगितलं. मग त्याला नाव पडलं, 'सोड्या'. गोल सोडला, आणि वर खोटं दुसऱ्याच्या गळ्यात घालून स्वतःला सोडवू बघतो, असा दुहेरी अर्थ. कोल्हापुरात एकदा नाव पडलं की ते माणसाच्या आधी चालतं.

एका सकाळी मी कट्ट्यावर दूध पीत होतो. दत्ता पिठाचा डबा सायकलला लावून समोरून येत होता. तेव्हा त्यानं वडलांची गिरणी चालवायला घेतली होती. कुणीतरी म्हणालं, "सोड्या आला रे, वाट सोडा." सगळे हसले. मीही हसलो. मिशीला दुधाचा फेस लागलेला होता, तो मी पालथ्या हातानं पुसला. दत्तानं ते पाहिलं आणि सायकल तशीच पुढे नेली. मला तो गोल तेवढा छळत नाही जेवढा तो फेस.

महिन्यातून एकदा आम्ही सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत किराणा आणायला जातो. मेधा डाळी निवडते, ईरा मिठाईच्या दुकानाच्या काचेला नाक लावते, आणि मी ज्वारीच्या पिठाची पिशवी उचलतो. थंड, घट्ट, बोलत नाही असं पीठ. घरी पिशवी फोडली की मी त्यात हात घालतो. गिरणीतून आणलेलं पीठ हाताला गरम लागायचं. दत्ताकडे मी दळणाला कधीच गेलो नाही. आमच्या घरचं दळण पेठेतली दुसरी गिरणी दळायची, अर्ध्या मैलावरची. आईनं कारण विचारलं नाही, बायकोनंही नाही.

गेल्या महिन्यातला शनिवार. पुन्हा धुकं, पुन्हा ती पाणकोंबडी. ईराचा संघ तीन-एकनं मागे होता. चेंडू उंच आला, ईरा पुढे निघाली, सीना ओरडली, "सोड!" ईरा थांबली. सीना ओल्या गवतावर घसरली आणि चेंडू दोघींच्या मधून आत गेला.

कडेला उभा असलेला कुणाचा तरी बाप म्हणाला, "कीपर, कम ऑन!"

सीना चिखलातून उठली. गुडघे काळे झालेले. तिनं हात वर केला, आणि पंचांना, त्या बापाला, आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माय बॅड. आय कॉल्ड इट."

झालं. एवढंच होतं ते. चेंडू मध्यावर गेला, खेळ सुरू झाला. मध्यंतराला दोघी एकाच डब्यातल्या संत्र्याच्या फोडी खात होत्या आणि सीनाचे गुडघे बघून हसत होत्या. मी डब्याशी गेलो. ईरानं मला एक फोड दिली. "आजोबा, आर यू क्राइंग?" मी म्हणालो, "संत्रं आंबट आहे." तिला ते पटलं नाही, पण तिनं सोडून दिलं.

दत्ताचा नंबर माझ्याकडे सहा वर्षांपासून होता, पुतण्याकडून घेतलेला. त्याच दुपारी दोन वाजता, म्हणजे कोल्हापुरात सकाळी साडेसातला, मी फोन लावला. मेधा हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला गेली होती. पलीकडून आधी गिरणीचा आवाज आला, घरघर, आणि त्यावर ओरडून बोलणारा माणूस.

"कोण?"

"विज्या बोलतोय."

"कुठला विज्या? हळद दळायची असंल तर मंगळवारी."

"न्यूझीलंडहून."

मग तो म्हणाला, "थांब. बंद करतो." आणि ती शांतता आली. पट्टा थांबताना जो लांब उसासा टाकतो तो मला ऐकू आला.

"बोल."

मी तयारी केली होती. तब्येत विचारायची, मग मुलाबाळांचं. तोंडातून निघालं ते एवढंच. "दत्ता, मी 'सोड' म्हणालो होतो."

"मला म्हाईत हाय की," तो म्हणाला. "मी तिथंच हुतो."

मला हसू आलं. मला वाटलं, आता तो म्हणेल, जाऊ दे, सोड आता. पंचेचाळीस वर्षं मी त्याच्या तोंडून ते ऐकण्याची स्वप्नं पाहिली होती. तो म्हणाला नाही.

"आता कशापायी सांगतोस?"

"मनातून जात नाही."

"माझ्या बी जात न्हाई. पर मला सांगून काय उपेग, मर्दा? ज्याला म्हाईत हाय त्यालाच सांगतोयस. गिरणीवर माझ्या नावाची पाटी हाय, आणि पोस्टमन बी पत्ता विचारताना सोड्याची गिरणी म्हणतंय. सून घरात आली तवा पयल्याच दिवशी तिनं नवऱ्याला विचारलं, मामंजींस्नी असं का म्हणत्यात. पोरगं गप बसलं. त्यास्नी सांग."

"कसं सांगू?"

"लिहून काढ. तू शिकल्याला हायस. लिही, छापून आण, मला पाठव. मी कट्ट्यावर न्हेऊन वाचतो. दुसऱ्याला वाचाय देणार न्हाई, मीच वाचणार." आणि वर म्हणाला, "मोठ्या अक्षरात छापाय सांग. मोतीबिंदू झालाय."

मी विचारलं, "ते हातमोजे आहेत का रे अजून?"

"हैत. गिरणीचं गरम दगडी पाट धरायला वापरतो." आणि त्यानं गिरणी चालू केली. फोन त्यानं बंद केला नव्हता. बराच वेळ मी ती घरघर ऐकत बसलो. ती माझ्या पाठीमागून येत होती असं वाटत होतं.

आज बादलीत ईराचे मोजे आहेत. बाहेर पानं पडताहेत. समोरच्या गवतात ती निळी पाणकोंबडी एक पाय वर धरून उभी आहे. कारकीर्द लिहा म्हणाले होते संपादक; ती एवढीच आहे. माझी त्यांना विनंती आहे की जागा कमी पडली तर वरचं हवं तेवढं कापा, पानगळ, पक्षी, पीठ, काहीही. शेवटच्या ओळी तेवढ्या मोठ्या अक्षरात छापा. वाचणाऱ्याला नीट दिसत नाही.

चेंडू माझ्या डोक्यावर होता. मी 'सोड' असं ओरडलो. दत्तानं ऐकलं आणि सोडला. नंतर तो जे बोलला ते खरं होतं, आणि मी बोललो ते खोटं.